‘गं’ नसलेली भाषा

डबा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे. घासून, पुसून, कोरडा करून, झाकण घट्ट लावून दाराबाहेरच्या पायरीवर ठेवलेला, आणि सौदीतल्या यान्बूच्या उन्हात इतका तापलेला, की उचलताना चारुताच्या बोटांना चटका बसला. तिने तो ओढणीत धरून आत आणला, ओट्यावर ठेवला आणि पुन्हा उघडून पाहिला. काही नाही. याआधी दोनदा हाच डबा शेजारून परत आला तेव्हा त्यात काही ना काही होतं — एकदा काळ्या पावाचे जाड तुकडे, एकदा सफरचंदाचा मुरंबा — आणि रिकामा डबा परत करू नये हे या परक्या बाईला कुणी शिकवलं असेल, असं तिला तेव्हा कौतुकाने वाटलं होतं. आता वाटत होतं, की त्यांना हे ठाऊक नसेल तर फार बरं. ठाऊक असून रिकामा पाठवला असेल तर…

त्या बाई म्हणजे माइमू, शेजारच्या व्हिलातल्या लीसची आई. लीस एस्टोनियाची, शिरीषच्याच कारखान्यात कंट्रोल रूमवर इंजिनियर. थंडीचे चार महिने लेकीकडे काढायला म्हणून या पंच्याहत्तरीच्या बाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. एस्टोनियन येत होतं, जे अख्ख्या यान्बूत लीसखेरीज कुणालाच येत नसावं. आणि रशियन येत होतं. आणि रशियन चारुताला येत होतं. लग्नाआधी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती ते तीन वर्षं मन लावून शिकली होती, आणि त्यानंतर जिवंत माणसाशी त्यातलं एक अक्षर बोलायची वेळ आली नव्हती. लग्नातल्या शालूसारखी ती भाषा घडी घालून ठेवलेली. शिरीष चारचौघांत म्हणायचाच, “आमच्या हिला रशियन येतं, पण ऐकायला माणूस मिळत नाही.” मग माणूस मिळालं. पहिल्याच दिवशी कुंपणापाशी चारुताने नमस्कार केला तेव्हा उत्तर द्यायच्या आधी माइमू थोडा वेळ थांबल्या होत्या. ते थांबणं आता तिला दिवसातून दहा वेळा आठवत होतं. त्या वेळी ते दिसलंसुद्धा नव्हतं. आपले उच्चार चुकत नाहीत ना, इकडेच सगळं लक्ष.

माइमूची माई व्हायला आठवडाही लागला नाही. आणि माई म्हटल्यावर ‘तू’ आलंच. यात चारुताने काही ठरवलं नव्हतं. सासूबाईंना अहो, नवऱ्याला चारचौघांत अहो, शाळेतल्या बाईंना अहो, पण आईला कुणी अहो म्हणतं का? आई जाऊन दोन वर्षं झाली होती, मावशी त्याच्याही आधी गेली, आणि जिला ‘तू’ म्हणावं असं मोठं माणूस या जगात उरलंच नाही, हे तिला एकदा भाजी निवडता निवडता जाणवलं होतं. रशियनमध्ये तू आहे, तुम्हीही आहे. “अगदी आपल्यासारखंच,” पुण्याच्या बाई म्हणाल्या होत्या. बोलायला सांगायचं तर ‘गवरी’ — सगळा वर्ग हसला होता, शेणाच्या गवऱ्या आठवून — आणि समोरच्याला मान द्यायचा तर शेवटी ‘त्ये’ लावायचं. गवरीत्ये. एवढं एक ‘त्ये’. ते मी प्रेमाने गिळलं. प्रेमानेच गिळलं ना?

तिने डबा कपाटात ठेवला, मग बाहेर काढला, मग पुन्हा ठेवला.

गेल्या शुक्रवारी कारखान्यात शटडाऊन होता, लीसची ड्युटी लांबली होती, म्हातारी एकटी पडेल म्हणून चारुताने तिला जेवायला बोलावलं. असं तिने शिरीषला सांगितलं. पण शिरीषचा मित्र अनुराग आणि त्याची बायको नूपुर त्याच दिवशी यायचे होते, आणि नूपुर चारुताच्या रशियनबद्दल नुसतं ऐकून होती, ते तिने ऐकलं नव्हतं — हे तिने कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही आज सकाळीच, रिकाम्या डब्यात बघताना सांगितलं. पुऱ्या झाल्या, श्रीखंड झालं. आल्या आल्या माई “तेरे” म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत नमस्कार, आणि चारुताचा लेक राजस “तेरे? ॲंड मेरे?” म्हणून खिदळला, त्यालाही त्या हसल्या होत्या. तोवर सगळं छान होतं. मग अनुरागने विचारलं, आजींचं गाव काय म्हणतंय? माई सांगू लागल्या आणि चारुता वाक्यावाक्याला मराठी करू लागली… गाव नदीवर आहे, पलीकडचा काठ रशियाचा. हद्द कळावी म्हणून नदीत बोया होत्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा. एका रात्री पलीकडचे शिपाई येऊन बोया काढून घेऊन गेले. आता मासे धरायला जाणाऱ्याला कळत नाही, कुठे थांबायचं.

शिरीष पुरी मोडत म्हणाला, “एवढासा देश. आपल्या पुण्याच्या निम्मीही वस्ती नाही. शेजारी मोठा असला की माणसाने थोडं जुळवून घ्यावं. आणि रशिया काही वाईट नाही बरं का, एकाहत्तरला आपल्यामागे कोण उभं होतं?”

शिरीष दुष्ट नाही. जेवताना नवरे जे बोलतात त्यातलं निम्मं बायका वाटेतच गिळतात, चारुतानेही वर्षानुवर्षं गिळलं होतं, तेही मराठीतल्या मराठीत. हेही गिळता आलं असतं. पण ‘जुळवून घेणं’ याला रशियनमध्ये एक लांबलचक, तोंडात न मावणारा शब्द आहे, आणि तो तिला येत होता. वीस वर्षांनी, अचूक, सगळे प्रत्यय जागच्या जागी. तिने तो वापरला. तू जुळवून घ्यायला हवंस, माई. नूपुर म्हणाली, “वा, कसली फाडफाड बोलतेस गं.” माईंनी ताटाकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं, अगदी हळू. आणि चारुताने, मिळालेला फड हातचा जाईल या घाईने, हसत त्यांच्या दंडावर हात ठेवला — “गवरी पा-रुस्की, माई.”

रशियनमध्ये बोल ना गं, माई. तिच्या मनात हे असं होतं. ‘ना’ सकट, ‘गं’ सकट. पण त्या भाषेत ‘गं’ नाही. ‘गं’ काढून घेतल्यावर जे उरतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. माईंनी पानातलं सगळं संपवलं, आभार मानले, रशियनमध्येच मानले, आणि घरी गेल्या.

दोन दिवसांनी लीस पार्किंगमध्ये भेटली. ती रागावलेली नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाली, आईशी बोलू नका असं नाही, फक्त त्या भाषेत नको. चारुता म्हणाली, पण त्यांना तर ती इतकी छान येते. “हो, छान येते,” लीस म्हणाली. मग सांगितलं — आईचा जन्मच सायबेरियातला, घरादारासकट उचलून नेलेल्या माणसांतला. परत आल्यावर स्वतःच्या गावच्या दुकानात आपल्या भाषेत पाव मागितला तर काउंटरपलीकडून हेच यायचं. तू. गवरी पा-रुस्की. माणसासारखं बोल. सबंध आयुष्य.

त्या दिवसापासून चारुताच्या मनातसुद्धा त्या ‘त्या’ झाल्या होत्या. लाज अशी, की स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ती ओढूनच ठेवायची, कारण त्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसायचं.

आज मात्र तिने पदर खोचला… म्हणजे सलवारच होती, पण मनाने खोचला. डबा भरून न्यायचा नाही. मोकळ्या हाताने जायचं आणि माफी मागायची. इंग्रजीत मागू, फोनवर भाषांतर करून दाखवू, हात जोडू, काहीही. ती गेली, बेल वाजवली, दार ढकललं तर उघडंच होतं. आणि माई पॅसेजमध्ये जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात छातीवर, चेहरा पिठासारखा.

हाताला धरून तिने त्यांना गाडीत बसवलं. चारुताने सिग्नलला शिरीषला फोन लावला. तो म्हणाला, लीस आत युनिटमध्ये आहे, फोन बाहेर लॉकरमध्ये, निरोप पोचवतो, पण तिला यायला तासभर लागेल. दवाखान्यात माईंना लगेच आत घेतलं. नर्स शरीफा दापोलीकडची निघाली. चारुताला दारातच शिरीषशी पुन्हा फोनवर मराठी बोलताना ऐकून तिला हायसं वाटलं असावं.

“तुम्ही ह्यांच्या कोण, ताई?”

“शेजारीण,” चारुता म्हणाली, आणि तो शब्द तिला नको तितक्या मोठ्याने ऐकू आला.

“मग इचारा जरा. दुखणं हाताकडं उतरतंय काय? कधीपास्नं हाय? गोळ्या कसल्या घेतात? डॉक्टर येतायत, त्यांना सगळं लागंल.”

चारुताने फोनवर भाषांतर चालू करून तो पुढे धरला. माई एस्टोनियनमध्ये दोन-तीन शब्द बोलल्या, श्वास लागत होता, आणि पडद्यावर इंग्रजीत आलं — भिंतीवर हंस बसला आहे. पुन्हा धरला. भिंत. शरीफाने फोनकडे पाहिलं, मग चारुताकडे. “दुसरी कुठली भाषा नाय येत ह्यांना?”

येते. ती मला येते. ही एकच भाषा दोघींत होती, आणि ती वापरायची नाही असं लीसने सांगितलं होतं, आणि न वापरावी तर या बाईच्या छातीत काय होतंय हे कुणालाच कळणार नव्हतं. माईंनी ओठ मिटून घेतले होते. त्या चारुताकडे बघत होत्या. पुढे काय येणार हे त्यांना माहीत असावं. मेले तरी बोलणार नाही, असं त्या डोळ्यांत होतं की मला वाटलं, देव जाणे.

“माफ करा,” असं म्हणायचं सोडून चारुताने थेट विचारलं. तुम्हाला कुठे दुखतंय? या वेळी तिने ‘त्ये’ लावलं. प्रत्येक क्रियापदाला लावलं, एकही गिळलं नाही. आणि माई उठून बसल्या. शरीफा “नको नको, निजा” म्हणत असताना बसल्या, पाठ सरळ केली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलल्या — आडनाव, नाव, वडिलांचं नाव. जन्माचं वर्ष. जन्माचं ठिकाण. मग दुखणं कधीपासून, कुठपर्यंत, गोळ्यांची नावं. स्वच्छ, सपाट, एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

“बापाचं नाव नको होतं मला,” शरीफा म्हणाली.

चारुताला वाटलं होतं, मानाने विचारलं म्हणजे झालं. आणि मानाने विचारताच ती स्वतःच कचेरीतल्या टेबलापलीकडे जाऊन बसली होती. या भाषेत ‘तू’ म्हणणारी माणसं दुकानात असायची, ‘तुम्ही’ म्हणणारी कचेरीत… मग मी उभं कुठे राहायचं? तिला इथून उठून पळून जावंसं वाटलं, अगदी खरोखर, गाडीची किल्ली हातात दाबून. पण डॉक्टर आले होते, इजिप्तचे, घाईतले, आणि त्यांचं इंग्रजी तिला रशियनमध्ये नेऊन परत आणायचं होतं. ती नेत राहिली, आणत राहिली. कार्डिओग्राम झाला. रक्त घेतलं. ठामपणे आत्ताच काही सांगता येणार नाही, काही तासांनी पुन्हा रक्त तपासू, तोवर हलवायचं नाही, असं सांगून डॉक्टर गेले. शरीफाने पडदा ओढला. लीसचा अजून पत्ता नव्हता.

पडद्याच्या आत दोघीच. यंत्राचा बारीक आवाज. माईंच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता, डोळे मिटलेले होते. चारुता स्टुलावर बसून त्यांच्या चादरीची कड बघत होती आणि वाक्य जुळवत होती. सांगायचं खूप होतं — आमच्यात आईला असंच म्हणतात. मला आई नाही. माझा नवरा बोलला ते मी सांगायला नको होतं.

“तुम्ही शुद्ध बोलता,” माई डोळे न उघडता रशियनमध्ये म्हणाल्या. “कुठे शिकलात?”

तुम्ही म्हणाल्या. आईच्या वयाची बाई तिला अहो-जाहो करत होती, आणि तरीही चारुताला आनंद झाला. आधी आनंद झाला. वीस वर्षांनी कुणीतरी, ज्याला खरंच कळतं असं कुणीतरी, म्हणालं होतं. “पुण्यात,” ती म्हणाली, “आमच्या बाई उच्चारांच्या बाबतीत फार कडक होत्या, एक स्वर चुकला तरी पुन्हा म्हणायला लावायच्या…” आणखी एक वाक्य, मग आणखी एक, अवघड जोडवाक्य, शेवटपर्यंत सरळ गेलेलं. तिथे ती थांबली.

“मला कुणी विचारलं नव्हतं,” माई म्हणाल्या, “शिकायचंय का म्हणून.”

आवाजात राग नव्हता. हवापाण्यावर बोलावं तसं त्या बोलल्या, आणि त्यांनी मान पलीकडे वळवली. झोप लागली की नुसती वळवली, कळलं नाही.

चारुता पुढे वाकली. आता बोलायला हवं होतं, लीस यायच्या आत, पुन्हा डॉक्टर यायच्या आत. आणि वाक्य तयार होतं, मघापासून तयार होतं. मला क्षमा करा. तिने ते मनात एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हणून पाहिलं, ‘मला’ची विभक्ती इथे बदलते का हे आठवत — आणि बदलते, हे आठवल्यावर तिला बरं वाटलं. बरं वाटलं ते व्याकरणाचं, हे तिच्या लक्षात आलं. तिने तोंड मिटून घेतलं आणि तशीच वाकलेली बसून राहिली.