आसगावात खाऱ्या पाण्याचं फूल

ईश्वर कोकणात पुलाच्या कामावर गेला आणि अठ्ठ्याहत्तर साली मालवणकडची अनसूया बायको करून विदर्भातल्या आसगावात घेऊन आला. तिच्या ट्रंकेत, काजळाच्या जुन्या डबीत चिमूटभर बिया होत्या. माहेरी समुद्राकाठच्या वाळूच्या एकाच टेकाडावर उगवणाऱ्या जांभळ्या फुलाच्या.

सासू गिरजाबाईनं त्यातल्या अर्ध्या हौसेनं स्वतः पेरल्या. घरामागच्या सांदवाडीत तिनं लावलेलं कधी वाया जात नसे. तळ्यातला काळाभोर गाळ घातला, शेणखत घातलं, दोन वेळा पाणी. कोंब आले अन् सडून गेले. अनसूया खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. ती मान गिरजाबाईला फार लागली.

"पोरी, तुह्या गावची माती कशी रायते वो?"

"माती नाहीच, आत्याबाई. नुसती वाळू. वर वाऱ्यानं खारं पाणी उडतं."

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही इतक्या हौसेनं लावत होता..."

गिरजाबाई खो खो हसली. तिनं बैलबंडी पाठवून वैनगंगेची वाळू आणवली, फुटक्या नांदीत भरली, उरलेल्या बिया पेरल्या आणि घागरीत खडेमीठ विरघळवलं.

शेजारची मंगलाबाई कुंपणावरून ओरडली, "मिठानं झाड मारून राहिली काय वो गिरजे?"

"तू पायच आता!"

पण मीठ घालायचं किती? गिरजाबाईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिनं ओंजळ सुनेपुढं धरली. "चाखून सांग. समुद्र असाच लागते काय?"

"अजून खारट."

तिनं आणखी मूठभर टाकलं. "अजून थोडं," अनसूया म्हणाली.

पुन्हा पाणी जिभेवर घेतलं आणि अनसूयाचे डोळे आपोआप मिटले. "हाच," ती म्हणाली. "हाच आमचा समुद्र."

पावसात मीठ धुऊन जाऊ नये म्हणून दोघी नांद ओढून पडवीत आणत, उघडीप पडली की परत उन्हात नेत. रोपं धरली, जाडजूड पानांनी वाळूवर पसरली. दसऱ्याच्या सकाळी अनसूयानं हाक मारली, "आत्याबाई, धावा!"

एकच फूल होतं, पण काय रंग! गिरजाबाईनं पदर खोचला आणि आळीभर आवाज दिला, "ये वो मंगले! मेलेलं झाड पाहाले ये!" सगळी आळी लोटली. मंगलाबाईनं हळूच एक पान चावलं. "मायबाई, हे त पानही खारट!"

संक्रांतीला अनसूयाचा भाऊ आला आणि नांदीपुढं थबकलाच. "गो बाय, ह्यां हय कसां? आपलां टेकाड यंदा उधाणात गेलां. आता थयसर एक झाड नाय."

गिरजाबाईनं पिकल्या शेंगा झाडून पुडी त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. अन् नाही जगलं त मले बोलाव. मी येईन शिकवाले."

बोलवावं लागलं नाही. पुढल्या वर्षी मालवणकडच्या किनाऱ्यावर फूल उमलल्याची खबर आली, तशी गिरजाबाईनं नातू झाल्यासारखा अख्ख्या आळीत गूळ वाटला.