फाइल अडेल म्हणून

दर गुरुवारच्या दुरुस्तीमुळे रावेतमध्ये लाइट नव्हती आणि सोसायटीचा जनरेटर नुसता नावाला होता. गोजाबाई मेथीच्या जुड्या घेऊन जिना चढली, मधल्या मजल्यावर टेकली, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा चढली. लेकीचं दार उघडंच होतं.

मंजुषा सासऱ्यांना पेज भरवत होती. उद्धवरावांचं उजवं अंग लुळं पडून वर्ष उलटलं होतं, बोलणंही गेलं होतं. ओठाच्या कडेनं पेज ओघळली की मंजुषा ती चमच्यानं अलगद टिपून घ्यायची.

"बाबा, माझी आई मेथी घेऊन आलीय. खाल्लीत की पळाल बघा."

"त्यास्नी कशाला पळवतीस? आधी तुमची ती लिफ्ट पळव," गोजाबाई धापा टाकत म्हणाली. उद्धवराव अर्ध्या तोंडानं हसले.

ही मंजुषा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. तिनं नको म्हटलं तर माल गेटबाहेर जात नसे. सुजितचं स्थळ आलं तेव्हा तिच्या वडिलांनी, मारुतरावांनी, घरात सांगून टाकलं, "पोरगा कॅनडात हाय. आता विचार कसला करायचा?" लग्न झालं आणि अंगावरची हळद उतरायच्या आत सुजित परत गेला. "पोचलो की तुझा अर्ज टाकतो. बायकोला बोलवायचं तर नवऱ्यानंच तिथून सगळं करायचं असतं," असं जाताना म्हणाला. एवढ्या शब्दावर मंजुषानं नोकरी सोडली. मग उद्धवरावांना झटका आला. सेवेला बाई ठेवायचं निघालं की सासूबाई, सुभद्राबाई, म्हणायच्या, "सून असताना बाहेरची बाई कशाला?" आणि व्हिसाचं विचारलं की, "फाइल पुढे सरकतेय."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आसपासच्या किती घरांत अशा सुना थांबलेल्या होत्या. नवरा तिकडे, सासू-सासरे हिच्या गळ्यात, आणि लोक तिला नशीबवान म्हणायचे.

गेल्या दिवाळीला सुजित येऊन गेला आणि मंजुषाला दिवस गेले. तेव्हा सुभद्राबाईंनी गोजाबाईला बाजूला घेतलं. "ताई, फाइल ऐन मध्यावर आहे. आता मूल म्हटलं की सगळं पहिल्यापासून. तुम्हीच समजवा तिला." हे खरं का खोटं, कुणाला विचारावं हेही गोजाबाईला सुचलं नाही. सुजितही फोनवर म्हणाला, आई म्हणते ते बरोबर आहे. मंजुषा तयार नव्हती. गोजाबाईनंच तिला कुशीत घेतलं, "तकडं गेल्यावर व्हतील की गं. फाइल अडंल," म्हणाली आणि स्वतः हाताला धरून दवाखान्यात नेलं.

आता गॅलरीत सुभद्राबाई फोनवर होत्या. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू. एरवी टीव्हीच्या आवाजात तो बुडून जायचा. आज घर गप्प होतं.

"आई, ती सारखी फाइलचा नंबर मागते. काय सांगू तिला?" सुजितचा आवाज आला.

"सांग की ऑफिसात अडकलीय."

"अगं, अर्जच टाकला नाही तर अडकेल काय? तूच म्हणालीस ना, बाबांचं उरकेपर्यंत थांब. मलाही इथं काही घाई नाही."

मंजुषानं वाटी खाली ठेवली. गॅलरीत जाऊन सासूच्या हातातून फोन घेतला.

"सुजित, एकदाही नाही टाकलास?"

"मंजू? हे बघ, ड्रामा नको. पुढच्या महिन्यात टाकतो, प्रॉमिस."

"मग आपलं बाळ कशासाठी गेलं?"

तो हळूच म्हणाला, "आई म्हणाली, लहान मूल आणि बाबा, दोन्ही तुला झेपणार नाही."

सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "मी काय चैन केली का हो, ताई? परकी बाई यांना ओलं ठेवून मोबाइल बघत बसते. घरचं माणूस लागतं."

"घरचं मानूस व्हय?" गोजाबाई ओरडली. "घरच्या मानसाचं लेकरू कुनी काढाया लावतं का, विहीणबाई?"

आणि तिनं आपला हात पदराखाली घेतला. हाताला धरून नेणारी तीच होती.

मंजुषा फोनमध्ये म्हणाली, "अर्ज करू नकोस, सुजित. आता नको, कधीच नको. मी येणार नाही." फोन तिनं कठड्यावर ठेवला. आत जाऊन उरलेली पेज भरवली, सासऱ्यांचं तोंड पुसलं. उद्धवरावांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, डोळे गळत होते, आणि मग तोच हात तिला दाराकडे ढकलू लागला. "जा," म्हणाले. कसंबसं, पण कळेल असं.

लेकीला घेऊन गोजाबाई ताथवड्याला घरी आली, तेव्हा मारुतरावांनी डोकं धरलं. "गावात त्वांड कसं दाखवायचं?"

"गाव आलं व्हतं का तिथं पेज भरवाया?" गोजाबाई एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी शेजारची चिमाबाई पेढे घेऊन आली. तिच्या नातीचं, पिंकीचं, जमत आलं होतं. मुलगा जर्मनीत.

"गोजे, सुपारीला तुलाच फुडं बसायचंय बरं का. तुझ्या मंजूवानीच पोरीचं नशीब उघडलं बघ."

गोजाबाईनं तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. न टाकलेला अर्ज सांगितला, खोटी फाइल सांगितली, दवाखानाही सांगितला. आवाज खाली केला नाही.

चिमाबाईचा पेढा हातातच राहिला. "आन् तू... तू सोता नेलीस तिला?"

"व्हय. मी सोता."

कालपासून मंजुषाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आतल्या खोलीत ती आता मोठ्यानं रडू लागली, पोटातून, बाळंत होताना बाई कळा देते तशी. चिमाबाई घाबरून उठली. गोजाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ नको. पिंकीला आन् तिच्या आईला हितं बोलाव. त्यांच्याम्होरं मला परत सांगायचंय."