रोसाल्बाच्या हातची येर्बा

"काय मास्तर, झाडू मारायला बी आता पुस्तक लागतंय व्हय?" घोड्याचं खोगीर आवळत एलिसेओ हसला.

त्या वर्षी आमच्या पालेना खोऱ्यात किला फुलली होती. बांबूसारखी ही झुडपं पिढीत एकदाच फुलतात, बी सांडतात आणि मरतात. ते बी खाऊन उंदीर इतके माजले, की बुटातसुद्धा सापडायचे. "किला फुलली की आधी कणगी भरती, मग कबर," असं म्हाताऱ्या म्हणत. दवाखान्यातून कागद आला होता: बंद खोपट आधी वाऱ्याला उघडं टाका, क्लोरीनचं पाणी शिंपडा, मगच झाडा, उंदरांचा रोग धुळीतून छातीत जातो. तो वाचून दाखवायचं काम माझं. एलिसेओ हसला आणि मी कागद घडी करून खिशात घातला. माझा आवाज शाळेतल्या पोरांपुढेच काय तो चालायचा.

हिवाळाभर मिटलेलं डोंगरावरचं खोपट एलिसेओनं आणि त्याच्या बायकोनं कोरडंच झाडलं. तिसऱ्या आठवड्यात एलिसेओला ताप चढला, मग धाप लागली. दवाखान्याकडे नेणारी बोट सरोवर ओलांडेपर्यंत तो संपला होता.

शवपेटी बंदच आली. "हा रोग माणसाकडून माणसालाही जातो, बायकोला वेगळं ठेवा," नर्सनं बजावलं. पण मयताच्या घरी न जाणं आमच्याकडे जमत नाही. नऊ माणसं चुलीभोवती बसली. मी दारात उभा.

त्याच्या बायकोनं, रोसाल्बानं, वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात येर्बाची, आमच्या कडू चहाची, पत्ती भरून गरम पाणी ओतलं. एकच भोपळा, एकच नळी सगळ्यांत फिरते. पहिला भोपळा करणारीचा. तो तिनं नळीनं ओढून संपवला. मग तोच पुन्हा भरून, त्याच नळीसकट, माझ्यापुढे धरला. वयाचा मान. तिचे डोळे तापानं चकाकत होते.

"नको," मी म्हणालो.

"का वो मास्तर? रांडमुंडीच्या हातचं चालत न्हाई?"

"तुला ताप आहे, पोरी. कुणीच पिऊ नका." भोपळा घेऊन मी राखेत ओतला.

"माझ्या भावाच्या मयतावर थुकलात तुमी!" तिची नणंद ओर्तेन्सिया कडाडली. "तो जिता व्हता तवा तोंड शिवलं व्हतं, आन आज वाचा फुटली?"

माणसं न पिताच उठली.

तिसऱ्या दिवशी रोसाल्बाला बोटीत घातलं. ती परतली नाही.

ते नऊही जण धडधाकट आहेत. वाटेत भेटले तर टोपीला हात लावत नाहीत. "रोगानं कुठली? मास्तरनं अपमान केला, त्यानं झुरून गेली बाई," असं गाव म्हणतं. मी ते खोडून काढत नाही. तिनं पुढे केलेला भोपळा मी राखेत ओतला, एवढं तर खरंच आहे.