घुं नसलेली गिटार

निहार झोपला की घरात जी शांतता उतरायची, ती संघमित्राला सोसायची नाही. वर्षाचं लेकरू झोळीत मुटकुळं करून निजलेलं असायचं. ती हातातलं काम टाकून हळूच यायची आणि त्याच्या नाकाखाली आडवं बोट धरायची. बोटाला ऊब लागली की परत जायची. ऊब लागायला जरा उशीर झाला, की झोळीला बारीकसा धक्का द्यायची. मग तो दचकून भोकाड पसरायचा आणि हिचा जीव भांड्यात पडायचा.

"झोपलेल्याला हलवून 'झोपलास का रे?' विचारणारी तू जगात एकटीच असशील," आकाश म्हणायचा.

त्या रविवारी आकाशची विमानतळावर ड्युटी होती. त्यांचं घर मरोळला, चौथ्या मजल्यावर. विमानं इतकी खालून जायची की खिडकीतून त्यांची पांढरी पोटं दिसायची, तळ्यातल्या माशांसारखी सावकाश सरकणारी. निहार जेवून निजला होता. संघमित्रानं कपाटावरून इलेक्ट्रिक गिटार काढली, चटईवर आडवी ठेवली आणि तारा उतरवायला घेतल्या. एकेक तार सैल होताना शेवटचा सूर खाली खाली घसरत जायचा आणि विझायचा.

आज हे काम झालं नाही, तर संध्याकाळी प्रबुद्ध येऊन गिटार घेऊन जाणार होता.

प्रबुद्ध म्हणजे आकाशचा मावसभाऊ, पण त्याआधी तिचा पार्ल्याच्या कॉलेजातला मित्र. दोघं एकाच बँडमध्ये वाजवायचे. त्याचा बँड अजून चालू होता. हिची गिटार मात्र निहार झाल्यापासून कपाटावर झोपली होती. कारण एकच, घुं.

तारांखाली तीन लांबट डब्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि भोवती केसाएवढ्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरच्या तारेची थरथर पकडायची आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे धाडायची, एवढंच त्यांचं काम. पण हिच्या गिटारीतले स्वस्तातले पिकअप तारेच्या थरथरीबरोबर घरातली सगळी वीजही पकडायचे. ट्यूबलाइट, फ्रिज, शेजारच्यांचा मिक्सर, सगळं त्यात यायचं. अँप लावला रे लावला की घुं सुरू. हळू वाजवावं तर सुरापेक्षा घुंच मोठी, मोठ्यानं वाजवावं तर निहार उठणार. दोनदा तो झोपेतून किंचाळत उठला, तेव्हा तिनंच प्रबुद्धला म्हटलं होतं, "ने बाबा, तुझ्याकडे वाजेल तरी."

मग तिनं नवे पिकअप मागवले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नॉइझलेस. ते तिनं दहा वेळा वाचलं आणि प्रबुद्धला कळवलं, "रविवारपर्यंत थांब. मी स्वतः बसवून बघते. नाही जमलं, तर तुझी."

"तू? सोल्डरिंग?" त्यानं हसणारे चेहरे पाठवले होते. "वहिनी, वाट लावशील हां."

तिनं गिटारीवरची पांढरी प्लास्टिकची पाटी सोडवायला घेतली. स्क्रू केवढाले, तर निहारच्या करंगळीच्या नखाएवढे. असा एखादा फरशीवर घरंगळला तर? त्याच्या तोंडात गेला तर? तेवढ्यात एक स्क्रू आपण होऊन उडी मारून पिकअपला चिकटला. चुंबकच तो! तिला हसू आलं. प्रत्येक निघालेला स्क्रू ती पिकअपच्या अंगावर लावत गेली आणि पिकअप साळिंदरासारखा दिसायला लागला.

पाटी उलटली. आत तारांचा गुंता. पिवळी, पांढरी, काळी. तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि पप्पांची लाकडी मुठीची सोल्डरिंग तापायला लावली. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे धूर बाहेर जाईल. सोल्डरमध्ये, म्हणजे वितळवून सांधा जोडायच्या तारेत, शिसं असतं. बीएस्सीला असताना ते नुसतं परीक्षेपुरतं होतं, आता ते झोळीपासून चार हातांवर होतं.

पप्पा म्हणजे राजाराम. घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका बेंजो पार्टीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हळदी, वराती, चौदा एप्रिल. त्यांच्या बेंजोतही असाच पिकअप असे आणि तो बिघडला की ते दारातच फतकल मारून दुरुस्त करत. लहानगी संघमित्रा बाजूला उकिडवी बसायची. पप्पा भोंग्याला कान लावायचे. घुं आली की मान डोलवायचे. "आली बघ. जीव आहे." आणि घुं नाही आली, तर सगळं पुन्हा उघडायचे. वाचायला शिकण्याआधी तिच्या कानांनी हेच शिकून घेतलं होतं. आधी घुं, मग सूर.

जुने पिकअप सोडवून बाजूला ठेवले, नवे पाटीत बसवले; पण पहिला सांधा जमेना. सोल्डरचा थेंब पाऱ्यासारखा लोळायचा, चिकटायचाच नाही. मग पप्पांचं वाक्य आठवलं. आधी कढई तापव, मग तेल सोड. तिनं सोल्डरिंगचं टोक पत्र्यावर टेकवलं, वाट पाहिली आणि मग तार लावली. थेंब चमकला, क्षणभर पाण्यासारखा पसरला आणि गोठला. निळसर धुराची एक रेघ वर चढली, पंख्यापाशी वाकली आणि खिडकीच्या गजांतून बाहेर गेली. मागोमाग एक विमान गेलं. धुराच्याच शेपटाला बांधून कुणी ते ओढत नेत असावं, असं तिला वाटलं. दुपार मऊ पडली होती. एक सांधा, मग दुसरा. आपण वायर जोडत नसून कुणाच्या तरी वेणीचे पेड घालतोय, असं तिला वाटायला लागलं. कितीतरी वेळ झोळीकडे लक्षसुद्धा गेलं नाही. ते ध्यानात येताच ती धडपडत उठली, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि बोट धरलं. ऊब होती.

सगळं जोडून झालं. सोल्डरिंगची पिन काढून, गार झाल्यावर तिनं ती वर माळ्यावर ठेवली. चार कोपऱ्यांतले स्क्रू बसवून पाटी जागेवर लावली. तारा नंतर चढवता येतील, आधी जीव आलाय का ते बघावं. तिनं केबल खोचली आणि अँपचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

काही नाही.

तिनं कान लावला. पंख्याची घरघर, लांबून मेट्रोची सळसळ. आवाज पूर्ण वाढवला. नाही. घुं नाही.

तिनं पप्पांना फोन लावला.

"पप्पा, घुं येत नाहीये."

"येत नाही म्हणजे? थोडीबी नाही?"

"अजिबात नाही."

"मंग दोन वायरी एकमेकीला चिकटल्या असतील आतमधे. उघड, माय. घुं नाही तर काहीच नाही."

"पण नवीन आहेत हो पप्पा."

"नवीन असू दे नाही तर सोन्याचे. बेंजो काय आणि गिटार काय, वीज ती वीजच. आणि पोरगं कुठंय? त्याला लांब ठेव."

तिनं पुन्हा उघडलं. काहीच चिकटलेलं नव्हतं. सांधे चकचकीत, तिचे तिलाच आवडलेले. तरी तिनं तो पहिला, सगळ्यात देखणा सांधा वितळवला आणि पुन्हा केला. या वेळी जरा बेढब झाला. पाटी लावली, सोल्डरिंग पुन्हा माळ्यावर, हात पुन्हा कोपरापर्यंत. बटण दाबलं.

काही नाही.

झोळी हलली. निहार उठला होता. रडलाही नाही, नुसता कापडातून डोळे काढून बघत होता. तिनं त्याला उचललं, मांडीवर घेतलं आणि हातात त्याचा स्टीलचा चमचा दिला. गिटार समोर पडलेली, बिनतारांची, केस कापलेल्या माणसासारखी अनोळखी. तिनं मोबाइल हातात घेऊन प्रबुद्धला लिहायला सुरुवात केली, 'ये. घेऊन जा...'

निहार वाकला आणि त्यानं चमचा पिकअपवर आपटला.

टण्ण!

आवाज भिंतींतून आल्यासारखा आला. मांडणीतली भांडी थरथरली. निहारनं चमचा हवेत धरला, अँपकडे पाहिलं, मग आईकडे. मग पुन्हा आपटला. टण्ण! आणि मागे पुन्हा ती निखळ शांतता, विहिरीत खडा टाकल्यावर पाणी पुन्हा गप्प होतं तशी.

संघमित्राचं तोंड उघडंच राहिलं. खोकं शेजारीच पडलं होतं. नॉइझलेस. दहा वेळा वाचलेलं. घुं येऊ नये म्हणूनच मागवलेले पिकअप, आणि दुपारभर आपण त्यांच्यात घुं शोधत बसलो! पहिल्याच वेळी जमलं होतं. जिवंत होती ती. फक्त गप्प होती.

तिनं 'ये. घेऊन जा' खोडलं. निहारला कवेत घेऊन एवढी हसली, की त्याला वाटलं हा नवीनच खेळ आहे. तो तिच्या गालावर चमचा मारायला लागला.

दिवेलागणीला प्रबुद्ध आला, तेव्हा तारा चढवून झाल्या होत्या. वरणभात खाऊन निहार तिच्याशेजारी चटईवरच कलंडला होता. ती बोटांच्या टोकांनी वाजवत होती, पप्पांच्या पार्टीची हळदीतली एक चाल, पण इतकी सावकाश की तिची अंगाई झाली होती.

प्रबुद्ध दारातच थबकला. मग कुजबुजला, "अँप बंद ठेवून काय वाजवतेस यार?"

"चालू आहे."

"चल! मग घुं कुठाय?"

तिनं एक तार छेडली. सूर स्वच्छ उठला, खोलीभर फिरला आणि खिडकीतून गेला. निहारची पापणीही हलली नाही.

"आयला," प्रबुद्ध भिंतीला टेकून खालीच बसला. "झकास, वहिनी. कुणाकडून करून घेतलंस?"

"वाट लावणाऱ्या बाईकडून."

"बरं बाबा, हरलो. मग मी काय नेऊ आता? मोकळ्या हातानं जाऊ?"

तिनं रुमालात बांधलेले जुने पिकअप त्याच्या हातात दिले. "ही घुं ने. तुझ्या बँडला शोभेल."

तो चपला घालता घालता गाठ सोडून बघायला लागला आणि दारातूनच हात पुढे केला. "हा स्क्रू तुझा का गं? चिकटलाय याला."

तिनं पाटीकडे पाहिलं. मधलं एक भोक रिकामं होतं. एक स्क्रू कमी आहे, हे चक्क तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं तो घेतला आणि फळीवरच्या बुद्धमूर्तीच्या मागे, उंच ठेवून दिला. आता बसवायला गेलं तर निहार उठेल.

प्रबुद्ध गेल्यावर तिनं पप्पांना सांगितलं, अगदी हळू आवाजात. त्यांनी तिला दोनदा तेच सांगायला लावलं. मग म्हणाले, "घुं नाही, आणि वाजते?" आणि थोड्या वेळानं, "बघ हां. मला तर भरोसा नाही वाटत."

"मलाही नव्हता, पप्पा."

बाहेर एक विमान दिवे लावून उतरत होतं. ती वाजवायची थांबली की काहीच उरायचं नाही, ना घुं, ना सूर. निहार पाठमोरा निजला होता, अगदी निश्चल. तिचं बोट सवयीनं त्याच्या नाकाकडे निघालं, अर्ध्या वाटेवर रेंगाळलं आणि परत येऊन सगळ्यात जाड तारेवर टेकलं. तिनं ती वाजवली नाही. नुसतं बोट ठेवून ऐकत राहिली.