खडखडणारा प्रिंटर

बायको इबोया गेल्याचा फोन इस्पितळातून आला तेव्हा अंब्रुश कार्प साफ करत होता. फोन ठेवून त्याने हात धुतले, पुन्हा सुरी घेतली आणि तो मासा पुरा केला. अर्धवट कापलेला मासा कुठे ठेवणार? मग गॅस बंद केला आणि दाराला आतून कडी घातली.

तिसा नदीकाठची ती खानावळ दोघांची. तो आत रांधायचा, ती बाहेर गिऱ्हाईक आणि गल्ला सांभाळायची. ती गेल्यावर गावातल्या एका हॉटेलवाल्याने जागा मागितली. अंब्रुश मुलीला, किंगाला म्हणाला, "एक रविवार उघडून बघू. नाही जमलं तर किल्ली त्याला देऊन टाकू."

किंगाने नोकरीतून रजा काढली. जुनं गल्ल्याचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून बिलासाठी टॅब आणला. तो विकणारा म्हणाला, स्वयंपाकघरातला प्रिंटर भंगारात टाका, भिंतीवर स्क्रीन लावा.

"स्क्रीन?" अंब्रुश म्हणाला. "इथे वाफेत मला माझा हात दिसत नाही. हा खडखडला की मला कळतं, ऑर्डर आली."

"मग नवीन प्रिंटर घेऊ ना, बाबा."

"नव्याचा कागद चुलीच्या धगीने काळा पडतो. पुलापलीकडच्या खानावळीत जाऊन बघ, काळ्या चिठ्ठ्या वाचत बसलेत."

जुना प्रिंटर म्हणजे शाईच्या फितीवर टोले मारून छापणारा ठोकळा. त्याची रुंद वायर टॅबला लागेना. किंगाने दोघांना जोडणारी एक छोटी डबी मागवली. ती लावल्यावर पहिली चिठ्ठी आली, तिच्यावर नुसतीच चिन्हं.

"कागदावर मुंग्या सोडल्यास का गं?" अंब्रुशने विचारलं.

टॅब ज्या वेगाने पाठवत होता, त्या वेगाने प्रिंटर घेत नव्हता. किंगाने त्याला उलटा केला. पोटाशी बारीक खटके होते, पाप्रिकाच्या लाल पुडीने बुजलेले. दात कोरायच्या काडीने तिने ते साफ केले आणि एकेक खटका सरकवून पाहिला. शेवटी कागदावर स्वच्छ उमटलं: रस्सा दोन, एक जास्त तिखट. अंब्रुशने चिठ्ठी फाडून खिळ्याला लावली आणि कांदे चिरायला घेतले.

रविवारी गर्दी झाली. प्रिंटर सारखा खडखडत होता. पण एकाच चिठ्ठीवर मासळीचा रस्साही यायचा आणि त्यानंतर खायचा चुसाही. अंब्रुश दोन्ही एकदम करून पाठवत होता. लोक रस्सा खाईपर्यंत चुसाच्या रुंद शेवया गार व्हायच्या, वरचं डुकराच्या चरबीचं कुरकुरीत तळण मऊ पडायचं. ताटं परत येऊ लागली. त्याने अ‍ॅप्रन काढला आणि तो बाहेर आला.

"दे त्या हॉटेलवाल्याला किल्ली. तुझ्या आईचं मशीन शहाणं होतं. रश्शाची चिठ्ठी आधी द्यायचं, चुसाची नंतर, अगदी वेळेवर."

"मशीन?" खांबाजवळच्या टेबलावरून बालिंटकाका ओरडला. जन्मभर मालवाहू बोट चालवलेला म्हातारा, दर रविवारी त्याच खुर्चीत. "अरे बैला, मशीन कसलं! इबोया या खांबाला टेकून आमची कपाळं बघायची. तिखटाने घाम फुटला, मी रुमाल काढला, म्हणजे रस्सा संपत आला. लगेच ही जाऊन बटण दाबायची. मला तर वाटायचं, माझ्यावरच नजर आहे बाईची."

"काका!"

"तुझ्या बापाकडे सुरी आहे म्हणून गप्प बसलो गं."

लोक हसले. अंब्रुश हसला नाही. इतकी वर्षं चिठ्ठी आली की तो शेवया पाण्यात सोडायचा आणि मशीनचं कौतुक करायचा. इबोया ऐकून घ्यायची. कामाच्या वेळी तो एकदाही बाहेर आला नव्हता. आता तो त्या खांबाकडे बघत राहिला. खांद्याच्या उंचीला रंग घासून गेला होता.

"बाबा," किंगा हळूच म्हणाली, "टॅबमध्ये चुसा थांबवून ठेवता येतो. मी सांगेन तेव्हाच छापला जाईल. तू आत जा."

"तुला कळेल कधी ते?"

"बघते ना."

तो आत गेला. मोठ्या पातेल्यातलं पाणी पुन्हा उकळत ठेवलं. पहिली चिठ्ठी फार लवकर आली. दुसरी उशिरा आली आणि बाहेरून बालिंटकाकाची शिवी ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. अंब्रुश मूठभर शेवया घेऊन पातेल्याशी उभा राहिला. प्रिंटर खडखडला. त्याने शेवया सोडल्या, तळण गरम केलं, ताट खिडकीत ठेवलं. ते ताट परत आलं नाही. त्यानंतरची दोन ताटंही आली नाहीत.

दुपार सरल्यावर किंगा आत आली. तो पातेलं घासत होता.

"हॉटेलवाल्याला काय सांगू?"

"सांग, जागा द्यायची नाही. आणि मासेवाल्याला सांग, पुढच्या रविवारी जास्त लागतील."

"माझी रजा संपते, बाबा."

"तुझी संपते. मला खांबाशी उभं राहणारं माणूस शोधायला हवं."

असं माणूस अजून मिळालेलं नाही. तोवर किंगा शनिवारी रात्रीच्या गाडीने येते. ज्यांना तिखटाने घामच येत नाही, त्यांचा चुसा कधी सोडायचा, हे तिला अजून कळलेलं नाही.