दावं किती वाजता बांधलं

आमच्या मारुंजीच्या घरात खोटंसुद्धा बैठक बसवून ठरतं. भावकीतली मारामारी पाच मिनिटांत आटोपते; पोलिसांना काय सांगायचं, यात अर्धा दिवस जातो.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशींच्या मरणाचं गणित मांडते. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू किती तास तग धरेल, हे माझं समीकरण सांगतं. रक्त थांबवायला आवळलेला बंध चार तासांच्या आत सोडला तर पाय वाचतो. सहा उलटले की सोडायचा नाही; मेलेल्या पेशींचं विष एका दमात हृदयावर जातं.

त्या दिवशी दुपारी एक वाजता घरी पोचले तेव्हा माझा भाऊ शेखर ओसरीवर पडला होता. भावकीतल्या कैलासचा कोयता त्याच्या मांडीत हाडापर्यंत गेला होता. कोंडाजीकाकांनी जखमेच्या वर म्हशीचं दावं आवळून रक्त थांबवलं होतं, आणि आधी तक्रार, मग दवाखाना म्हणून त्याला तसाच ठेवला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला गाडीत घातलं, काकाही बसले, तर हिंजवडीच्या अलीकडे सगळी वाहतूक ठप्प.

पाय काळानिळा पडला होता.

"रेश्मे, पाय वाचव माझा," शेखर म्हणाला.

"काका, दावं कधी बांधलं?"

"धाला."

"नक्की?"

"व्हय, धाला." शेखरनेही मान हलवली.

दोनला वीस मिनिटं कमी होती. चार तास संपत आले होते. जखमेवर टॉवेल दाबून मी दावं हळूहळू सोडलं. पाय कोमट होऊ लागला आणि मला हायसं वाटलं. मग शेखरने माझा हात असा पिरगळला की बोट मोडलं. त्याचे डोळे फिरले. मी त्याची छाती दाबत राहिले, बरगड्या मोडल्या तरी दाबत राहिले. तो गेला.

काका पुटपुटले, "बांधलं सहालाच हुतं. आपणच त्यांचं कुंपण तोडाया गेलतो. ते धाला आपल्या दारात आले, आसं कुणीबी इचारलं तरी सांगायचं ठरलं हुतं."

मी त्यांचं डोकं गाडीच्या काचेवर आपटलं, काच तडकेपर्यंत. त्यांनी हात वर केला नाही.

चौकीत हवालदाराने विचारलं, "घटना किती वाजताची?"

काका फुटल्या तोंडाने माझ्याकडे बघत होते.

"सहाची," मी म्हणाले. "आणि एक चाळीसला दावं मी सोडलं. तेही लिहा."