तीन मिनिटांचं मेण

शरदाचं ताम्रसुवर्ण ऊन ॲपालाचियाच्या डोंगररांगांवर ओघळत होतं. मेपलची रक्तपर्णी रानं वाऱ्यावर धुमसत होती, आणि नीलधूसर धुक्याच्या पदराआडून दरीतलं चिमुकलं गाव हळूहळू उजळत होतं. साल एकोणीसशे सत्तावीस.

गावच्या गोदामाच्या माडीवर, भिंतींवर गोधड्या टांगून, शहरातून आलेल्या साहेबाने आवाज पकडायचं यंत्र मांडलं होतं. दुपारच्या गाडीने तो जाणार होता. मेणाची एकच तबकडी उरली होती, तीन मिनिटांची.

गायला आलेली डेल्फी यंत्रापुढे उभी होती. कडेवर दहा महिन्यांची रूथी. ताप नाही ना, म्हणून तिच्या कपाळाला हात लावून लावून झालेला. डेल्फीच्या आईचा मधुमंद्र गळा गेल्या हिवाळ्यात मातीआड झाला. तिचं गाणं आता डेल्फीच्या एकटीच्या कंठात. आणि कंठाचा काय भरवसा? लेकीसाठी ते उरायलाच हवं होतं.

शब्द पणजीने गलबतातून आणलेले, स्कॉटलंडच्या धुकट किनाऱ्यावरून. पण ते डोलायला शिकले शेजारच्या वृद्ध, कृष्णवर्ण आयशमच्या बँजोवर. आज तोही बँजो घेऊन तिच्या बाजूला उभा होता. त्याच्या आजोबांना साखळदंडांत आणलं होतं. त्यांनी भोपळ्यावर कातडं ताणून पहिली तार छेडली होती. शब्द समुद्राचे, ठेका साखळदंडांतून सुटलेला. त्याच ठेक्यावर आता रूथीचे डोळे मिटत.

"बाईंचा आवाज घेतो," साहेब म्हणाला. "बँजो बाहेर. गोऱ्यांच्या तबकड्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या."

"मग गाणंही बाहेरच," म्हणत डेल्फी जिन्याकडे वळली.

"डेल्फीबाई, माझ्यापायी कशाला अडता?" आयशम कुजबुजला.

"गप बसा हो, आयशमकाका. एका दोरीवर पाळणा हलतो का?"

एक पायरी. दुसरी पायरी. गाडी जाईल, मेण जाईल, गाणं जाईल. पण मान वळली नाही.

"थांबा, बाई! या, दोघंही या," साहेब वैतागून म्हणाला. "छापताना नाव मात्र तुमचं एकटीचं."

आयशम हसला. "छापा की, साहेब. नाव थोडंच वाजतं?"

ते हसू डेल्फीच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

लाल दिवा लागला. ती गायली, धुक्यासारखी, झऱ्यासारखी, दरीवर तरंगणाऱ्या घारीसारखी. दुसरं कडवं सरलं. डोंगरातल्या नाचगाण्यांत वाजवणाऱ्याला पुकारून त्याची पाळी देण्याची रीत होती. डेल्फीने छाती भरून श्वास घेतला आणि मायक्रोफोनमध्ये खणखणीत हाक घातली,

"वाजवा, आयशम टॉलिव्हर!"

साहेबाचा हात उठला, आणि हवेतच राहिला. आता थांबवलं तर सारंच मोडणार होतं.

बँजो उसळला. सुई सरकत राहिली. तिच्या टोकाखालून मेणाचे सोनपिवळे, कुरळे तंतू उडत राहिले. आणि केसाएवढ्या एकाच चरीत तिचा श्वास, त्याची तार, त्याचं नाव फिरत राहिलं, फिरत राहिलं, आत, आणखी आत.